पत्रिका संगणकाची, वेळ कुणाची?

पूर्वी एखाद्या मुलाची पत्रिका करावयाची म्हणजे मोठे काम असे. पंचांग, पाटी, कोष्टके घेऊन जोशीबुवा बसत, इष्टकाल काढीत, लग्न साधीत, ग्रह मांडीत. रास कुंडली झाली, तिच्याखाली नवमांश कुंडली झाली, की बहुतेकांचे समाधान होई. आज हेच काम मोबाईलवर होते. जन्मतारीख, वेळ आणि गाव एवढे भरले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल सोळा कुंडल्या पुढ्यात हजर! ‘जगन्नाथ होरा’सारखी आज्ञावली तर फुकट मिळते. छापील प्रत हवी असेल तर झेरॉक्सच्या दुकानात रंगीत पाने बांधून मिळतात. त्या पानांवर प्रत्येक ग्रहापुढे अंश, कला, विकला असे तीन आकडे असतात. आकडे पाहिले की माणूस गप्प होतो. ‘संगणकाने काढले आहे’ म्हटले की वाद संपतो.

माझे म्हणणे असे की वाद तेथे संपत नाही, तेथूनच सुरू व्हायला हवा. आणि तो सुरू करावयाला ज्योतिषी असावे लागत नाही. त्रैराशिक येत असले तरी पुरते.

या सोळा कुंडल्या म्हणजे काय ते आधी पाहू. आकाशाच्या ३६० अंशांच्या वर्तुळाचे बारा भाग केले की ३० अंशांची एक रास होते. ‘बृहत्पाराशर होराशास्त्र’ या ग्रंथात या एकेका राशीचे आणखी बारीक तुकडे पाडण्याच्या सोळा रीती सांगितल्या आहेत. त्यांना षोडशवर्ग म्हणतात. राशीचे नऊ तुकडे केले की नवमांश, एक तुकडा ३ अंश २० कलांचा. त्यावरून जोडीदार पाहावयाचा. दहा केले की दशमांश, तुकडा ३ अंशांचा, त्यावरून नोकरी-व्यवसाय. बारा केले की द्वादशांश, त्यावरून आईवडील. चोवीस केले की चतुर्विंशांश, तुकडा सव्वा अंशाचा, त्यावरून विद्या. आणि साठ केले की षष्ट्यंश, तुकडा अवघ्या अर्ध्या अंशाचा. त्यावरून सर्व काही. ग्रह ज्या तुकड्यात पडेल त्या तुकड्याला नेमून दिलेल्या राशीत तो नव्या कुंडलीत बसतो. लग्नाचेही तसेच. येथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, तर जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेला राशिचक्राचा बिंदू. सगळ्या कुंडलीची घरे त्याच्यापासून मोजतात. तो सरकला की सारी घरे सरकली.

आता साधे गणित करू. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरा घेते, म्हणजे ३६० अंशांना १,४४० मिनिटे. एका अंशाला सरासरी चार मिनिटे आली. काही राशी थोड्या लवकर उगवतात, काही उशिरा, पण सरासरी हीच. तेव्हा लग्नाची रास सुमारे दोन तास टिकते. नवमांश लग्न सुमारे तेरा मिनिटांत बदलते, दशमांश लग्न बारा मिनिटांत, चतुर्विंशांश लग्न पाच मिनिटांत, आणि षष्ट्यंश लग्न दोन मिनिटांत! म्हणजे ‘सर्व काही’ ज्या कुंडलीवरून सांगावयाचे, ती खरी ठरण्यासाठी जन्मवेळ दोन मिनिटांच्या आत नेमकी ठाऊक असली पाहिजे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणांना आपली जन्मवेळ दोन मिनिटांच्या आत ठाऊक आहे? सरकारी जन्मदाखल्यावर तारीख असते, ठिकाण असते, आईबापांची नावे असतात. जन्माची वेळ नसते. दवाखान्याच्या कागदावर असलीच तर ती बाळ-बाळंतिणीची निगराणी आटोपल्यावर कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहिलेली असते, आणि त्या घड्याळाचा काटा पाच मिनिटे पुढे की मागे हे कुणी तपासलेले नसते. बाळंतपणात बाळाचा जीव महत्त्वाचा, मिनिटे नव्हेत. आणि ते तसेच असले पाहिजे. बहुतेक घरांत वेळ राहते ती आईच्या नाहीतर आजीच्या आठवणीत. ‘पहिली एस.टी. नुकती गेली होती’, ‘धारा काढायची वेळ होती’, ‘लाईट गेली आणि तू झालीस’ अशा त्या वेळा असतात. त्यांत माया असते, मिनिटे नसतात. पुढे पत्रिका करावयाच्या वेळी कुणीतरी त्या आठवणीचा आकडा करतो आणि तो बहुधा शून्यावर किंवा पाचावर संपतो. सकाळी सव्वासात, दुपारी दोन चाळीस. सात वाजून सतरा मिनिटांनी जन्मलेली माणसे आपल्याकडे फारशी आढळत नाहीत, याचे कारण ग्रहांत नाही.

शिवाय जन्म कोणत्या क्षणी झाला म्हणावयाचे? डोके बाहेर आले तेव्हा, बाळ जमिनीला टेकले तेव्हा, पहिले रडले तेव्हा, की नाळ कापली तेव्हा? यावर ज्योतिषांतच एकमत नाही, आणि या चार क्षणांत दोन मिनिटे सहज जातात. त्यात गावाचा प्रश्न आहे. आपले घड्याळ भारतीय प्रमाण वेळ दाखवते, ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. राहुरी चौऱ्याहत्तर अंश एकोणचाळीस कलांच्या आसपास आहे. म्हणून राहुरीची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे एकतीस मिनिटे मागे असते. गाव भरले की संगणक हा हिशेब स्वतः करतो. पण आज्ञावलीच्या यादीत आपले खेडे नसले की लोक सरळ ‘पुणे’ भरतात. पुणे आणि राहुरी यांच्या रेखांशात पाऊण अंशाहून थोडे अधिक अंतर आहे, म्हणजे तीन मिनिटांचा फरक. षष्ट्यंश लग्न तेवढ्याने बहुधा बदलून जाते.

संगणक यांपैकी काहीही विचारत नाही. ‘ही वेळ तुम्हाला कशी कळली?’ असा रकाना त्यात नसतो. त्याला सव्वासात सांगितले की तो सात वाजून पंधरा मिनिटे शून्य सेकंद असे धरतो आणि विकलेपर्यंत उत्तर देतो. जुन्या म्हणीत सांगावयाचे तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पोहरा चांदीचा केला म्हणून आडाला पाणी येत नाही.

आपल्या राहुरीकरांना ही गोष्ट खरे तर कुणी समजावून द्यायला नको. १९६८ साली येथे कृषी विद्यापीठ सुरू झाले, त्याला महात्मा फुल्यांचे नाव आहे. माती परीक्षणाची रीत आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. मातीचा नमुना बांधालगतचा घेऊ नये, शेणखताच्या ढिगाखालचा घेऊ नये, झाडाखालचा घेऊ नये. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणचा घ्यावा आणि एकत्र मिसळावा. का? नमुनाच चुकीचा असेल तर प्रयोगशाळेचे यंत्र कितीही बारीक मोजो, कागदावर येणारा आकडा त्या शेताचा नसतो. यंत्र खोटे बोलत नाही. ते दिलेल्या मातीविषयी खरे बोलते. ज्या शेतकऱ्याला हे कळते, तोच शेतकरी मुलीच्या पत्रिकेपुढे मात्र वेळेचा नमुना कुठून आणला हे विचारीत नाही, याचे मला नवल वाटते.

आता दुसरा मुद्दा. समजा, वेळ अगदी सेकंदापर्यंत बरोबर आहे. मग तरी उत्तर एकच येते का? येत नाही. कारण राशिचक्र नेमके कोठून सुरू होते यावरच मतभेद आहेत, आणि तो वाद आपल्या महाराष्ट्रात फार गाजलेला आहे. वसंतसंपात आकाशात हळूहळू मागे सरकतो. तो ठरलेल्या आरंभबिंदूपासून किती सरकला त्याला अयनांश म्हणतात. केरोपंत छत्रे यांनी आणि पुढे लोकमान्य टिळकांनी रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थान धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरविला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर सायन मताचे, म्हणजे संपातापासूनच मोजावे असे म्हणणारे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने चित्रापक्ष स्वीकारून २१ मार्च १९५६ रोजीचा अयनांश २३ अंश १५ कला धरला. समितीचे चिटणीस निर्मलचंद्र लाहिरी यांच्या नावाने तो ‘लाहिरी अयनांश’ म्हणून ओळखला जातो. सरकारी पंचांग त्यावर चालते. तरी टिळक पंचांग आजही रैवत पक्षाने निघते, आणि काही वर्षी अधिक मास निराळा आल्यामुळे ते पाळणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतात.

चित्रापक्ष आणि रैवतपक्ष यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. नवमांशाचा तुकडा आहे ३ अंश २० कलांचा. म्हणजे एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेलो की एकाही ग्रहाचा नवमांश जागेवर राहत नाही! सूर्य, चंद्र, मंगळ, सारे आपापली घरे सोडून जातात. दक्षिणेतील प्रसिद्ध ज्योतिषी बी. व्ही. रामन यांचा अयनांश लाहिरींपेक्षा सुमारे दीड अंशाने कमी आहे. विद्येच्या चतुर्विंशांशाचा तुकडा सव्वा अंशाचा. तेव्हा रामन पद्धत निवडली की विद्येच्या कुंडलीत जवळजवळ प्रत्येक ग्रहाचे घर बदलते. आणि ही निवड कोठे करावयाची? आज्ञावलीत एक यादी असते, लाहिरी, रामन, कृष्णमूर्ती अशी. त्यातल्या नावावर बोट ठेवावयाचे. बोट ठेवले की भविष्य बदलले. छापील पानांवर मात्र कोणाच्या नावावर बोट ठेवले होते ते कोपऱ्यात, बारीक अक्षरात असते.

यावर कुणी म्हणेल, मग आपल्या पूर्वजांचे सारे ज्योतिर्गणित व्यर्थ काय? मुळीच नाही. माझा रोख नेमका उलट आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि ज्या-कोज्यांच्या किचकट हिशेबाशिवाय ग्रह काढण्याची सोपी रीत दिली. पुढे काळ लोटला तशी जुन्या गणिताची ग्रहणे आकाशाशी जुळेनाशी झाली. तेव्हा छत्रे, केतकर यांच्यासारख्यांनी पाश्चात्त्य वेधांचा आधार घेऊन आकडे सुधारले. आकाशात जे दिसते त्याच्याशी गणित जुळले पाहिजे, जुळत नसेल तर गणित बदलावयाचे, ही त्यांची निष्ठा होती. आज बहुतेक कुंडलीच्या आज्ञावल्या ज्या ‘स्विस एफेमेरिस’वर चालतात, ती झुरिचच्या अ‍ॅस्ट्रोडीन्स्ट या संस्थेने अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहगणितावरून केली आहे. अवकाशयाने ज्या गणितावर धाडतात, त्याच गणितावर आपला मंगळ घरात बसतो. तो आकाशात त्या जागी असतोच. तेथपर्यंत सारे खरे.

पण त्या मंगळामुळे अमक्या मुलीचा संसार होणार नाही, हे वाक्य त्या गणितातून निघत नाही. ग्रहण चुकले तर पंचांगकर्त्याला खाली मान घालावी लागे. भाकीत चुकले तर कुणी मान खाली घालत नाही. गणिताची परीक्षा आकाश घेते. फलिताची परीक्षा कोण घेतो? एकदा ती घेतली गेली, आणि आपल्या महाराष्ट्रातच. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह हा प्रयोग केला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका त्यांनी जमविल्या. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. त्यांतील बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा ४६ निघाले. नाणे उडविले असते तर पन्नासाच्या आसपास आले असते. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. बुद्धी हा विषय पत्रिकेत दिसत असेल तर इतका मोठा फरक तरी दिसावयास हवा होता.

ज्योतिषाच्या बाजूने दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की जुळ्या भावंडांची आयुष्ये वेगळी का, हे षष्ट्यंशानेच कळते, म्हणून बारीक वर्ग हवेत. युक्तिवाद चतुर आहे. पण मग दोन मिनिटांचे महत्त्व त्यांनीच मान्य केले, आणि अंदाजे वेळेच्या पत्रिकेवर काही सांगण्याचा हक्क त्यांनीच सोडला. दुसरे उत्तर असे की वेळ चुकीची असेल तर आम्ही ती शुद्ध करून घेतो. म्हणजे कसे? शिक्षण केव्हा सुटले, वडील केव्हा वारले, नोकरी केव्हा लागली हे विचारून, त्या घटना जुळतील अशी वेळ शोधावयाची. आपण विद्यार्थी ही रीत चांगली ओळखतो. पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर आधी पाहावयाचे आणि मग त्याला जुळेल अशी पायरी मांडावयाची! परीक्षेत याला गुण मिळत नाहीत.

हा सारा हिशेब मी कशासाठी मांडला ते आता सांगते. माझ्या नात्यातल्या एका मुलीने बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी दिली. पुढे शिकवावे की स्थळे पाहावीत असा घरात विचार चालला होता. कुणीतरी संगणकाची पत्रिका काढून आणली. तिच्यातल्या चतुर्विंशांश कुंडलीवरून निदान झाले की विद्येचे स्थान दूषित आहे, पदवी पूर्ण व्हावयाची नाही, पैसा वाया जाईल. तिच्या आईने सांगितलेली जन्मवेळ अशी होती: ‘डेअरीला दूध घालून माणसे परतत होती.’ त्याचे सव्वासात झाले होते. मी माझ्या मोबाईलवर तीच तारीख आणि तेच गाव भरले, आणि सात दहा, सव्वासात, सात वीस अशा तीन वेळा घालून पाहिल्या. विद्येच्या कुंडलीचे लग्न तिन्ही वेळी निराळे आले. डेअरीवरून माणसे परतायला तर अर्धा तास लागतो! मी हे घरातल्यांना दाखविले. ‘तुला काय कळते’ असे उत्तर मिळाले. मुलगी आज महाविद्यालयात नाही. तिच्या धाकट्या भावाला मात्र पत्रिका न पाहताच प्रवेश घेऊन दिला.

शेवटच्या वाक्यात सारे आले, असे मला वाटते. पत्रिका पुष्कळदा निर्णय करीत नाही. मनात आधीच झालेल्या निर्णयाला सही देते. पूर्वी ही सही जोशीबुवांची असे. त्यांच्याशी निदान बोलता येत असे. वेळ पक्की नसेल तर जाणते जोशीबुवा स्वतःच बारीकसारीक सांगण्याचे टाळीत. संगणक टाळत नाही. त्याच्या आकड्यांना एक निर्विकार चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्यापुढे अठरा वर्षांची मुलगी काय बोलणार?

महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातला जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून त्या घराला लुबाडतो. नाटकाच्या शेवटी ते नवराबायको कोणत्या दुसऱ्या जोशाकडे जात नाहीत, शिकावयाला जातात. फुल्यांचा इलाज भांडणाचा नव्हता, अक्षरओळखीचा होता. पंचांग वाचता येणे आणि ग्रह मांडता येणे ही विद्या तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात येऊच शकत नव्हती. माझ्या घरात पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच. आणि आज तीच सोळा वर्गांची गणिते माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये आहेत, फुकट. हा केवढा मोठा बदल आहे! जे यंत्र आपल्याला गप्प बसविण्यासाठी वापरले जाते, त्याच यंत्राने आपण प्रश्न विचारू शकतो.

म्हणून माझी सूचना पत्रिका फाडण्याची नाही. घरात पत्रिका निघाली तर तीन गोष्टी कराव्यात. ही वेळ कोणी, कोणत्या घड्याळात पाहून सांगितली ते विचारावे. वेळ पाच मिनिटे पुढे आणि पाच मिनिटे मागे करून पुन्हा कुंडली काढावी. अयनांशाच्या यादीत दुसऱ्या नावावर बोट ठेवून पाहावे. घरातल्या मोठ्या माणसांसमोर, शांतपणे, हे तिन्ही करावे. वाद घालण्याची गरज नाही. कुंडल्या शेजारी शेजारी ठेवल्या की पुरे. ज्या कुंडल्यांचे आपसांतच पटत नाही, त्यांच्या शब्दावर कुणाचे कॉलेज बंद व्हावे काय, एवढेच मग विचारावे. पहिल्या खेपेला ‘तुला काय कळते’ असे उत्तर मिळेल. तरी विचारावे. पुढच्या मुलीच्या वेळी निदान एखाद्याला तरी तो प्रश्न आठवेल.